अक्षर दिसेनासे झाल्यानंतर : छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी विनामूल्य ग्रंथालय सेवा



जमाखर्च, शस्त्रक्रिया आणि शिबिरे यांच्या तपशिलासोबत अहवालात एखाद्या विषयाचा थोडा विस्ताराने परिचय करून देणे उपयुक्त ठरते, असे आम्हांस वाटते. या वेळी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुग्णालयाचा वाटणार नाही. तो ग्रंथालयाचा आहे. परंतु ज्या वाचकांसाठी ते ग्रंथालय हवे, ते बहुतेक सर्व प्रथम रुग्णालयाच्याच दारी येतात. काचबिंदूने दृष्टीचा परीघ आक्रसलेला शेतकरी, मधुमेहाने नेत्रपटल खराब झालेली निवृत्त शिक्षिका, अर्धांगवायूने उजवा हात गमावलेला कारकून यांना वैद्यक एका टप्प्यावर सांगते की, आहे तेवढे आता जपावयाचे. त्या वाक्यानंतर रुग्ण घरी जातो, आणि घरातील पोथी, वर्तमानपत्र, नातवाचे पत्र, औषधाच्या पाकिटावरील सूचना हे सारे त्याच्यासाठी एकाच वेळी बंद होते. उपचार संपले की आपले कर्तव्य संपले काय, असा हा प्रश्न आहे.

प्रथम हे वाचक कोण, ते पाहू. ‘अंधांचे ग्रंथालय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा चष्मा आणि पांढरी काठी येते. वस्तुस्थिती त्याहून विस्तृत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ (अंमल एप्रिल २०१७ पासून) याच्या परिशिष्टात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. उत्तम चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असणे, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांहून कमी असणे, हे अंधत्व. दृष्टी ६/१८ पेक्षा कमी परंतु ३/६० पर्यंत असणे, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी परंतु १० अंशांपर्यंत असणे, ही अल्पदृष्टी. ज्यांना हे अपूर्णांक अपरिचित आहेत त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, निरोगी डोळ्यास जे अक्षर ६० मीटरवरून ओळखता येते, ते ज्याला ३ मीटरवर आल्यावर ओळखू येते त्याची दृष्टी ३/६०. अल्पदृष्टीचा माणूस रस्त्याने चालतो, माणसे ओळखतो, शेताच्या बांधावर उभा राहून गडीमाणसांना हाका मारतो. म्हणून त्याला वाचता येत नाही यावर घरच्यांचाही विश्वास बसत नाही. ‘दिसते तर आहे, मग वाचत का नाही?’ हा प्रश्न आमच्या नेत्रविभागात नातेवाइकांच्या तोंडून वरचेवर ऐकू येतो. त्याचे उत्तर असे की, चालण्यासाठी लागणारी दृष्टी आणि बारीक छपाई वाचण्यासाठी लागणारी दृष्टी यांचे काम नेत्रपटलाचे वेगवेगळे भाग करतात. मध्यभाग बिघडला की माणूस घरभर फिरतो, पण ओळ सापडत नाही. कडेचा भाग गेला की अक्षर दिसते, पण पुढील शब्दावर जाताना ओळ हरवते.

याखेरीज ज्यांचे डोळे उत्तम आहेत, पण हात पुस्तक धरू शकत नाहीत किंवा पान उलटू शकत नाहीत, तेही याच रांगेत येतात. कंपवात, मणक्याची दुखापत, स्नायूंचा क्षय, मेंदूचा पक्षाघात ही त्यांची कारणे. आणि ज्यांचे डोळे व हात दोन्ही शाबूत असूनही अक्षरांची जुळणी मेंदूत होत नाही, अशी वाचनअक्षम मुलेही त्यातच. शाळेत ही मुले ‘ढ’ ठरतात. धडा वाचून दाखविला तर तीच मुले उत्तरे अचूक देतात, हे फार थोड्या घरांत कोणी करून पाहिलेले असते.

भंडारा जिल्ह्यात असे किती जण असतील? २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ आणि साक्षरता सुमारे ८४ टक्के. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के, तर पन्नाशी उलटलेल्यांत ते १.९९ टक्के आढळले. देशाची सरासरी जशीच्या तशी एका जिल्ह्याला लावणे शास्त्रशुद्ध नव्हे, तरी अंदाज म्हणून लावल्यास हा आकडा चार हजारांच्या पुढे जातो, आणि त्यात अल्पदृष्टीचे रुग्ण धरलेलेच नाहीत. याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. हा आकडा येथे मुद्दाम देत आहोत. मोतीबिंदू झालेल्या माणसाच्या हाती बोलके पुस्तक देणे ही सेवा नव्हे, ती हयगय होईल. त्याची शस्त्रक्रिया करून त्याला त्याचे डोळे परत देणे हेच त्याच्यापुरते ग्रंथालय. म्हणून वाचक म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी प्रत्येकाची नेत्रतपासणी झालीच पाहिजे, आणि हेच काम रुग्णालयाखेरीज अन्य कोणतेही ग्रंथालय करू शकत नाही.

आपल्या भागाची काही कारणे स्वतंत्रही आहेत. धानाच्या कापणी-मळणीत पाते किंवा तूस डोळ्यात जाऊन बुबुळावर बुरशीची जखम होते. गावठी औषध घालून आठ दिवस घालविले की फूल पडते. सिकलसेल हा पूर्व विदर्भातील जुना आजार, आणि तो काही रुग्णांच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्यांवरही आघात करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सिकलसेलच्या रुग्णाने डोळ्यांची नियमित तपासणी करून घ्यावी, ही विनंती या निमित्ताने.

आता वाचनाच्या साधनांकडे वळू. सर्वांत जुने आणि आजही सर्वांत सन्मानाचे साधन म्हणजे ब्रेल. लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूपव्रे या गावी झाला. वडील घोड्यांचे खोगीर व सरंजाम तयार करणारे कारागीर. वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात चामडे टोचण्याची आरी मुलाच्या डोळ्यात गेली आणि त्या जखमेची झळ पुढे दुसऱ्या डोळ्यालाही लागून पाचव्या वर्षापर्यंत संपूर्ण अंधत्व आले. आपल्या जिल्ह्यात पितळी भांड्यांचे ठोकाम, विणकाम आणि सुतारकाम घरातच चालते आणि मुले त्याच अंगणात खेळतात, म्हणून ही हकिकत येथे थोडी सविस्तर दिली. एका डोळ्याला मार लागला तरी ताबडतोब दाखवावे. ‘दुसरा डोळा आहे ना’ हा दिलासा फसवा आहे.

ब्रेल यांनी आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. तिचा पाया सहा टिंबांची एक चौकट, तीन-तीनच्या दोन उभ्या ओळी. डाव्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. या सहांतील काही टिंबे उठवावयाची, काही सोडावयाची. त्यातून ६३ आकृत्या होतात. भारतात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती चालत. १९५१च्या सुमारास सर्व भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ ठरली आणि त्याच वर्षी देहरादून येथे मध्यवर्ती ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. भारती ब्रेलचे सूत्र असे की, ध्वनी एक तर चिन्ह एक. मराठीतील क, गुजरातीतील क आणि बंगालीतील क बोटाला सारखाच लागतो. मराठीपुरते उदाहरण घेऊ. क म्हणजे टिंबे १ आणि ३. म म्हणजे १, ३, ४. ळ म्हणजे ४, ५, ६. या तीन चौकटी ओळीने मांडल्या की ‘कमळ’ हा शब्द झाला. काना, मात्रा, वेलांटी वर-खाली लावण्याची सोय बोटाच्या लिपीत नाही. म्हणून व्यंजनानंतर तो स्वरच पूर्णपणे लिहावयाचा. ‘काम’ लिहिताना क, मग आ (३, ४, ५), मग म. डोळ्यांच्या देवनागरीत वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. ब्रेलमध्ये जसे बोलले जाते तसेच लिहिले जाते. या बाबतीत ती आपल्या देवनागरीपेक्षा सरळ आहे, असे म्हणण्याचा मोह होतो.

तरीही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ब्रेल सुचविणे योग्य होणार नाही. साठीनंतर दृष्टी गेलेल्या व्यक्तीला नव्याने बोटांचे वळण लावणे कष्टाचे असते. दीर्घकाळच्या मधुमेहात तर बोटांच्या टोकांची संवेदनाच मंदावते. ज्या व्याधीने डोळे घेतले, तीच बोटेही घेते. अशा माणसास ऐकण्याचे पुस्तक हवे. मुलांचे मात्र उलट आहे. जन्मतः किंवा लहानपणी अंध असलेल्या मुलास केवळ ऐकवून शिकविले तर त्याला भाषा येते, पण लेखन येत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, विरामचिन्ह, नावाचे अचूक स्पेलिंग हे कानाने कळत नाही. हल्ली भ्रमणध्वनी सर्व काही वाचून दाखवितो, मग ब्रेल कशाला, असे म्हणणारे सुशिक्षित पालक भेटतात. डोळस मुलाला कोणी असे म्हणेल काय की, तुला दूरदर्शन दिले आहे, आता बाराखडी कशाला? मुलांसाठी ब्रेल, आणि जोडीला श्राव्य पुस्तक, असे आमचे स्पष्ट मत आहे. कायद्यानेही अशा विद्यार्थ्यांना अठरा वर्षांपर्यंत पुस्तके व साहित्य मोफत मिळणे बंधनकारक केले आहे. ते मागून घ्यावे. त्यात उपकार कोणाचा नाही.

ब्रेलची अडचण तिच्या आकारमानाची. साधारण २०० पानांचे मराठी पुस्तक घ्या. पानाला ३०० शब्द धरले तर ६०,००० शब्द झाले. ब्रेलच्या पानावर ४० चौकटींच्या २५ ओळी, म्हणजे फार तर हजार चौकटी मावतात. हिशेब करता जाड कागदाची चारशेच्या वर पाने होतात, आणि त्यांचे ढीगभर खंड. ते ठेवायचे कोठे आणि लाखांदूरच्या वाचकापर्यंत पोहोचवायचे कसे? यावर टपाल खात्याची एक जुनी सवलत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. अंधांसाठीचे साहित्य ७ किलोपर्यंतच्या उघड्या पुडक्यातून भूमार्गाने टपालहशिलाशिवाय पाठविण्याची तरतूद भारतीय टपाल खात्याने दीर्घकाळ ठेवली आहे. टपालाच्या कायद्यात अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून पाठविण्यापूर्वी आपल्या डाकघरात नियम विचारून घ्यावेत. मराठीत ब्रेलमधून नियतकालिक वाचावयास मिळावे म्हणून श्री. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईहून ‘स्पर्शज्ञान’ हे पाक्षिक सुरू केले, याचाही येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करावयास हवा. पाठ्यपुस्तकांपलीकडे ताजी बातमी आणि लेख बोटांनी वाचावयास मिळणे ही तोवर मराठीत अपूर्वाई होती.

मोठ्या अक्षरांचे पुस्तक हे अल्पदृष्टीच्या वाचकाचे सर्वांत स्वस्त औषध. सामान्यतः १८ पॉइंट किंवा त्याहून मोठा टाइप वापरतात. देवनागरीत नुसता आकार वाढवून भागत नाही. शिरोरेषा, वरच्या मात्रा, खालचे उकार यांमुळे ओळी एकमेकींत शिरतात. दोन ओळींत पुरेसे अंतर, ठसठशीत वळण आणि चमक नसलेला कागद हवा. सोबत भिंग, मागून येणारा प्रकाश आणि पुस्तक उभे ठेवण्याची लाकडी घडवंची. ही घडवंची कोणताही सुतार करून देतो, आणि पोथीसाठी ती आपल्या घरांत पूर्वीपासून आहेच.

सर्वांत मोठा आधार मात्र श्राव्य पुस्तकाचा. ऐकून वाचणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. चातुर्मासात देवळात एक जण ग्रंथ वाचतो आणि सारे गाव ऐकते. त्या श्रोत्यांत डोळस व अंध असा भेद कोणी केला नाही. आपल्याच विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन आणि स्वतः सांगून इतरांकडून लिहवून घेऊन त्यांनी अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ सिद्ध केले. ‘प्रज्ञाचक्षू’ ही उपाधी आपण आदराने उच्चारतो. त्यामागे कोणीतरी तासन्‌तास मोठ्याने वाचीत बसले होते, हे मात्र आपण सहसा लक्षात घेत नाही. ग्रंथालय सेवा म्हणजे त्या वाचणाऱ्याची व्यवस्था.

ही व्यवस्था शासनाने करावी, असा विचार अमेरिकेत १९३१ साली कायद्यात उतरला आणि प्रौढ अंधांना पुस्तके विनामूल्य मिळू लागली. १९३४पासून तबकड्यांवरील बोलकी पुस्तके आली. १९६६ साली ती सेवा हातांनी पुस्तक धरू न शकणाऱ्यांनाही खुली झाली. आपल्या राज्यात ‘नॅब’ म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ साली स्थापन झालेल्या संस्थेने मुंबईत ब्रेल मुद्रण आणि बोलक्या पुस्तकांचे काम उभे केले. पूर्वी ही पुस्तके कॅसेटवर असत. एका कादंबरीच्या आठ-दहा कॅसेट, आणि चौथी नेमकी गुंतलेली. पुढे ‘डेझी’ नावाची पद्धत आली. तिच्यात ध्वनिमुद्रणास प्रकरणे व पृष्ठांक यांच्या खुणा जोडलेल्या असतात. वाचक थेट ८६व्या पानावर जाऊ शकतो, खूण ठेवू शकतो, मागे येऊ शकतो. परीक्षेसाठी अभ्यास करणाऱ्यास याचे मोल कळते. २४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र शासनाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे संगणकीय ग्रंथालय सुरू केले. देशभरातील सदस्य-संस्थांनी तयार केलेली पुस्तके तेथे एकत्र ठेवलेली आहेत. तेथे नोंदणी करताना वाचकास दिव्यांगत्वाचा पुरावा द्यावा लागतो आणि तो आमचे रुग्ण बहुधा कपाटात ठेवून विसरलेले असतात.

मग अडचण कोठे? पहिली अडचण मराठी पुस्तकांच्या संगणकीय रूपाची. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकावरील एनव्हीडीए किंवा भ्रमणध्वनीवरील टॉकबॅक या विनामूल्य प्रणाली मोठ्याने वाचून दाखवितात. परंतु आपल्याकडील असंख्य मराठी पुस्तके श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत जुळविली गेली. पडद्यावर ती सुबक मराठी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती रोमन चिन्हांची सरमिसळ असते. वाचून दाखविण्याची आज्ञा दिली की अर्थहीन गोंगाट ऐकू येतो. प्रकाशकांनी युनिकोड प्रत जपून ठेवली तर हा प्रश्न मुळातच उरत नाही.

दुसरी अडचण आवाजाची. यंत्राचा आवाज प्रमाण मराठी वाचतो, आणि बातमीपुरता तो चालतो. कथा ऐकणारा माणूस मात्र लवकर कंटाळतो. आपल्या झाडीपट्टीत, जेथे दंडार आणि नाटक पहाटेपर्यंत ऐकणारा श्रोता आहे, तेथे सपाट सुराचे यंत्र किती वेळ ऐकले जाईल? शिवाय झाडीबोलीतील लेखन यंत्र वाचूच शकत नाही. ते वाचण्यास या मातीतील माणूसच हवा. साकोली, लाखनी, मोहाडीकडील निवृत्त शिक्षक हे काम जितके चांगले करतील तितके मुंबईचा कोणताही स्टुडिओ करू शकणार नाही, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

तिसरी अडचण भीतीची. पुस्तक असे वाचून ध्वनिमुद्रित केले तर लेखक-प्रकाशकांचा हक्क मोडत नाही काय? येथे कायद्याची माहिती नीट असणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीस वाचता यावे म्हणून कोणत्याही व्यक्तीस सुगम रूपातील प्रत तयार करता येते आणि दिव्यांग व्यक्तीला तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी देता येते. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेलाही ही मुभा आहे. आयकर कायद्यान्वये १२अ खाली नोंदलेला आणि दिव्यांगांच्या हितासाठी काम करणारा न्यास तीत येतो, तसेच शासनमान्य ग्रंथालयही येते. अटी दोन. नफा घ्यावयाचा नाही, फार तर निर्मितीचा खर्च घ्यावा. आणि संस्थेने ती प्रत दिव्यांगांखेरीज इतरांच्या हाती व बाजारात जाणार नाही याची वाजवी दक्षता घ्यावी. या कलमात ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे. शासकीय सवलतींसाठी जो आकडा लागतो, तो पुस्तकासाठी लागत नाही. दक्षतेची अट मात्र गंभीरपणे घेतली पाहिजे. ध्वनिमुद्रण व्हॉट्सॲपवरील गावगटात टाकणे म्हणजे सेवा नव्हे, तो कायद्याचा भंग होय. जे लेखक निवर्तून ६० वर्षे उलटली त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांना ही बंधने नाहीत. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’ २०११पासून सर्वांना खुली आहे. हरिभाऊ आपटे व गडकरी तर त्याही आधीपासून.

देशांच्या सीमा ओलांडून अशी पुस्तके जावीत म्हणून २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोतील मराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यास सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत, हे २०१४ साली घडले, आणि ३० सप्टेंबर २०१६ पासून करार अमलात आला. मुलांकडे परदेशी जाऊन राहिलेल्या व दृष्टी मंदावलेल्या मराठी आजी-आजोबांसाठी याचा अर्थ असा की, त्या देशाने करार स्वीकारला असेल तर महाराष्ट्रात तयार झालेले श्राव्य पुस्तक तेथील अधिकृत संस्थेमार्फत त्यांना मिळू शकते.

आता आमच्या योजनेविषयी. बाह्यरुग्ण विभागाजवळ एक छोटी खोली वाचन-श्रवण कक्ष म्हणून राखून ठेवावी, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. ‘हे रुग्णालयाचे काम आहे काय? हाच पैसा शस्त्रक्रियांना का देऊ नये?’ अशी रास्त शंका काही हितचिंतकांनी व्यक्त केली. शस्त्रक्रियांच्या निधीतून एक रुपयाही या कामी वळवू नये, या मताशी आम्ही पूर्णतः सहमत आहोत. परंतु खर्चाचा अंदाजही पाहावा. ६०,००० शब्दांचे पुस्तक मिनिटाला १२० शब्दांच्या शांत गतीने वाचले तर सुमारे सव्वाआठ तासांचे होते. साध्या एमपी३ रूपात ते २४० एमबीच्या आसपास जागा घेते. म्हणजे ३२ जीबीच्या एका मेमरी कार्डावर अशी शंभरावर पुस्तके मावतात, आणि ती साध्या बटणांच्या भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात. खरा खर्च वाचणाऱ्याच्या वेळेचा आहे, आणि तो पैशाने विकत घेण्यापेक्षा मागून घेतलेला बरा.

वैद्यकीय बाजूही दुर्लक्षणीय नाही. दृष्टी गेलेला वृद्ध इन्सुलिनची मात्रा, काचबिंदूच्या थेंबांच्या वेळा, दोन सारख्या बाटल्यांतील फरक यांसाठी सर्वस्वी घरच्यांवर अवलंबून असतो. घरचे रोवणीला गेले की थेंब चुकतात, आणि काचबिंदूत चुकलेल्या थेंबांची भरपाई होत नाही. म्हणून कक्षातील पहिली ध्वनिमुद्रणे कादंबऱ्यांची नसतील. ती मधुमेह, काचबिंदू, सिकलसेल आणि पायांची निगा यांविषयीच्या आमच्याच सूचनांची असतील, सोप्या मराठीत आणि झाडीबोलीत. बाटल्या ओळखण्यासाठी एकीला रबराचे एक कडे, दुसरीला दोन, अशी साधी पद्धत परिचारिका शिकवतील. कथा, पोथ्या, शेतीची पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास त्यानंतर.

ज्यांना आवाज द्यावयाचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना. आरंभी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक व वर्ष सांगावे. प्रत्येक पृष्ठाचा क्रमांक उच्चारावा. चित्र, नकाशा, तक्ता आल्यास त्यात काय आहे ते एक-दोन वाक्यांत सांगावे, गाळू नये. तळटीप जेथे येते तेथेच वाचून ‘टीप समाप्त’ म्हणावे. नाटकी स्वर टाळावा, कारण ऐकणाऱ्याला आपले स्वतःचे चित्र रंगवावयाचे असते. लेखकाचे वाक्य आपल्याला पटले नाही तरी बदलू नये. पंखा बंद ठेवावा. कोंबडा आरवला तर ते वाक्य पुन्हा वाचावे. सलग अर्ध्या तासाहून अधिक वाचू नये, आवाज थकला की ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. एका पुस्तकास ऐकण्याच्या वेळेच्या दुप्पट वेळ सहज लागेल, तेव्हा प्रथम लहान पुस्तक निवडावे.

रुग्णांच्या नातेवाइकांनी नोंदणीसाठी येताना रुग्णाचे जुने तपासणीचे कागद, असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी ओळखपत्र, आणि रुग्ण वापरतो तोच भ्रमणध्वनी सोबत आणावा. नवा घेऊ नये, बोटांना जुन्याची बटणे ठाऊक असतात. ओळखपत्र नसल्यास सरकारी नोंदणीचा अर्ज कसा भरावा ते आमचे समाजसेवा अधीक्षक समजावून सांगतील. तोपर्यंत नेत्रविभागाचा तपासणी-कागद पाहून कक्षातील पुस्तके मिळू लागतील. रुग्णाला स्वतःला आणता आले तर उत्तम. कोणते पुस्तक हवे, हे त्याला विचारून लिहून घ्यावयाचे आहे, मुलाला किंवा सुनेला विचारून नव्हे.